वलीम्यात वाजवायचे काय?

झरीहून (जि. परभणी) एका भगिनीचे चार पानी पत्र आले आहे. नाव छापू नका असे त्यांनी लिहिले आहे, म्हणून छापत नाही. त्यांच्या धाकट्या मुलाचे लग्न ठरले आहे. मुलगी जिंतूरची. निकाह जिंतूरला आणि दुसऱ्या दिवशी वलीमा झरीला, घराशेजारच्या मोकळ्या जागेत मंडप टाकून. पाहुणे पाच-सहाशे. बावर्ची ठरला, मंडपवाला ठरला, कपडे झाले. अडले ते एकाच गोष्टीवर.

मुलाच्या मित्रांनी वर्गणी काढून परभणीचा एक डीजे परस्पर सांगून ठेवला आहे. थोरला मुलगा जमातीत जाणारा. तो म्हणतो, डीजे आला तर मी दस्तरखानावर बसणार नाही. नणंदेचे म्हणणे, "माझ्या मुलीच्या रिसेप्शनला औरंगाबादेत ऑर्केस्ट्रा होता, तुम्ही निदान कव्वाली तरी ठेवा, नाहीतर मय्यतीचे घर वाटेल." शौहर काहीच बोलत नाहीत. भिंतीला भिंत लागून असलेल्या शेजाऱ्यांच्या घरात अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेली आजी आहे. मुलीकडच्यांनी "हौसेने" मोटारसायकल द्यायचे ठरवले आहे, हेही पत्रात एका ओळीत येऊन गेले आहे. आणि शेवटी प्रश्न आहे, दोन मुलांमध्ये मी कोणाची आई होऊ?

भगिनी, दोघांचीच व्हा. पण त्यासाठी हा वाद ज्या शब्दांत चालला आहे ते शब्द थोडे बदलावे लागतील. धाकटा म्हणतो "एकदाच तर लग्न होते", थोरला म्हणतो "हराम". या दोन वाक्यांच्या मध्ये भरपूर जागा आहे, आणि आपल्या मराठवाड्यातल्या बायकांनी ती जागा पिढ्यान् पिढ्या वापरली आहे.

आधी धर्माचे बोलू, कारण थोरल्या मुलाशी बोलायचे तर ते टाळून चालणार नाही. संगीत सरसकट हराम की सरसकट जायज, हा वाद उलेमांमध्ये हजार वर्षांहून जुना आहे आणि तो या पानावर मिटणार नाही. अंदलुसच्या इब्न हज्म यांनी संगीताला मनाई करणाऱ्या हदीसींच्या सनदी कमजोर ठरवल्या. इमाम गजाली यांनी 'इह्या'मध्ये समाअवर स्वतंत्र प्रकरण लिहिले आणि कधी ऐकावे, कधी टाळावे याच्या अटी घातल्या. हनफी उलेमांपैकी बहुतेक जण, देवबंदचे असोत की बरेलीचे, वाद्यांच्या बाबतीत कडक आहेत. दुसरीकडे आपल्याच खुलदाबादेत विसावलेले हजरत बुरहानुद्दीन गरीब (वफात 1337) समाअचे एवढे चाहते होते, की त्यांच्या मुरीदांची डोलण्याची तऱ्हा 'बुरहानी' म्हणून ओळखली गेली. म्हणजे एकाच विषयावर बुजुर्गांची मते वेगळी असू शकतात, आणि तरी ते बुजुर्गच राहतात.

लग्नाच्या बाबतीत मात्र हा मतभेद बराच कमी होतो. बुखारी शरीफमधली हजरत रुबय्यी बिन्ते मुअव्विज (र.) यांची हकिकत थोरल्या मुलाला नक्की माहीत असेल. त्यांच्या लग्नानंतर सकाळी प्रेषित (स.) त्यांच्या घरी आले आणि बसले. घरातल्या लहान मुली डफ वाजवून बद्रच्या लढाईत शहीद झालेल्या वडीलधाऱ्यांची गाणी म्हणत होत्या. त्यातल्या एकीने मध्येच प्रेषितांचीच तारीफ सुरू केली, की उद्या काय होणार हे जाणणारा नबी आमच्यात आहे. प्रेषितांनी तिला तेवढे सोडून द्यायला सांगितले आणि आधी जे म्हणत होतीस तेच म्हण, असे सांगितले. त्यांनी ओळ थांबवली, डफ थांबवला नाही. हजरत आयेशा (र.) यांची हदीसही तिथेच आहे: एका अन्सारी घरात वधू पोचवून त्या परतल्या, तेव्हा सोबत काही करमणूक नव्हती का, अन्सारांना ती आवडते, असे प्रेषितांनी विचारले. निकाह गुपचूप नको, त्याचा गवगवा व्हावा, हा त्यामागचा हेतू.

यातून माझ्या समजुतीप्रमाणे एवढे निघते: लग्नघरात आनंदाचा आवाज असणे हे दीनच्या विरुद्ध नाही, आणि त्या आवाजात शब्द कोणते आहेत याकडे मात्र बारीक लक्ष द्यायचे आहे. आता डीजेवर जी गाणी लागतात त्यांचे शब्द एकदा शांतपणे, आवाज बंद करून, नुसते वाचून पाहा. घरात आलेल्या नव्या सुनेसमोर, तिच्या सासऱ्यासमोर, तिच्या अब्बांसमोर ती मोठ्याने म्हणता येतील का? धाकट्या मुलालाच हा प्रश्न विचारा. तो हसेल आणि मान खाली घालेल, असा माझा अंदाज आहे.

दुसरी गोष्ट आवाजाची. याचा हराम-हलालशी संबंध लावायची गरज नाही, कानाशी आहे. कामाच्या ठिकाणच्या आवाजाचे जे जागतिक मापदंड आहेत त्यांप्रमाणे 85 डेसिबलचा आवाज माणसाने दिवसाकाठी 8 तास सोसावा. पुढे दर 3 डेसिबलला ही वेळ निम्मी होत जाते. 88 ला 4 तास, 91 ला 2 तास, आणि 100 डेसिबलला फक्त 15 मिनिटे. डीजेच्या भिंतीसमोर 100 च्या वरचा आवाज ही काही विशेष गोष्ट नाही. पाहुणा अर्ध्या तासात जेवून निघून जातो. वाढप करणारी पोरे मात्र चार तास तिथेच असतात, आणि ती आपल्याच भाऊबंदांची, मोहल्ल्यातली पंधरा-सोळा वर्षांची मुले असतात. त्यांच्या कानांचा हिशेब कोणी करत नाही.

अंदाज घ्यायला यंत्र लागत नाही. हातभर अंतरावर बसलेल्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल तर आवाज 85 च्या आसपास किंवा वर गेला समजा. आणि वलीमा म्हणजे शेवटी काय असतो? जिंतूरची खाला झरीच्या फुफीला पहिल्यांदा भेटणार, दोन्हीकडचे बुजुर्ग शेजारी बसणार, गावातले पाटील, मास्तर, दुकानदार, शेतातले भागीदार येऊन "मुबारक" म्हणणार. ज्या मंडपात कोणाला कोणाचे बोलणे ऐकू येत नाही तिथे ही माणसे जेवून, खुणेने निरोप घेऊन जातात. आपण पाचशे माणसे बोलावतो आणि एकालाही बोलू देत नाही. डीजेवरचा माझा सगळ्यात मोठा आक्षेप हाच आहे.

कायदाही थोडा माहीत असू द्या, मुलाच्या मित्रांशी बोलताना उपयोगी पडेल. ध्वनी प्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, 2000 प्रमाणे लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते, आणि रात्री 10 ते सकाळी 6 उघड्या जागेत तो लावता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 18 जुलै 2005 च्या निकालात ही रात्रीची बंदी कायम केली. राज्य सरकारला सण-उत्सवांसाठी वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस रात्री 12 पर्यंत सूट देता येते. आपल्या घरचे लग्न त्यात बसत नाही. वस्तीच्या भागात दिवसाची मर्यादा 55 डेसिबल, रात्रीची 45. खासगी जागेतला आवाज हद्दीवर या मर्यादेपेक्षा फार तर 5 डेसिबलने जास्त चालतो. म्हणजे दिवसा 60. साठ डेसिबल म्हणजे दोन माणसांचे साधे बोलणे. साठ डेसिबलचा डीजे कोणी पाहिला आहे काय?

आणि एक गोष्ट स्पष्टच लिहितो. दुसऱ्या कोणाच्या मिरवणुकीचा डीजे मशिदीसमोर येऊन थांबला की आपल्याला त्रास होतो, आपण तक्रार करतो, ती रास्तही असते. मग आपली बारात मंदिरासमोरून, शाळेसमोरून, दवाखान्यासमोरून त्याच आवाजात जाते तेव्हा आपली तक्रार कोणी का मानावी? झरीसारख्या गावात लोक एकमेकांच्या शेतावर, दुकानावर, रोज एकाच एसटीत भेटतात. तिथे ही गोष्ट शहरापेक्षा जास्त लागते. तुमच्या शेजारची ती आजी तुमच्या वलीम्याला येऊ शकणार नाही, पण तिला तुमचा वलीमा ऐकू येणार आहे. तो कसा ऐकू यावा, याचा निर्णय तुमच्या हातात आहे.

आता वाजवायचे काय, याकडे येते. तुमच्या पत्राच्या तिसऱ्या पानावर, जाता जाता, एक वाक्य आहे: सासूबाईंची ढोलक माळ्यावर पडून आहे. मी ते वाक्य तीनदा वाचले.

17 सप्टेंबर 1948 पर्यंत परभणी जिल्हा हैदराबाद संस्थानात होता, हे आपल्या घरांतल्या बोलीत, जेवणात आणि लग्नाच्या रीतीत अजून दिसते. मांजा, सांचक, चौथी, जुमागी हे शब्द तिकडचेच. त्याबरोबर आलेली मोठी दौलत म्हणजे ढोलकीवरची दख्खनी गीते. याची मुळे त्याहून जुनी आहेत. विजापूरच्या सूफींच्या परंपरेत बायकांसाठी साध्या दख्खनीत गीते रचली गेली: जात्यावर म्हणायचा चक्कीनामा, चरख्यावरचा चरखानामा, पाळण्याचा लोरीनामा, आणि लग्नासाठी शादीनामा, सुहागननामा. रिचर्ड ईटन या अमेरिकन इतिहासकाराने 1978 साली विजापूरच्या सूफींवर जे पुस्तक प्रसिद्ध केले त्यात या गीतांची चर्चा आहे. त्याचे म्हणणे असे, की घरकाम करता करता म्हटल्या जाणाऱ्या या गीतांनी खेड्यापाड्यांतल्या बायकांपर्यंत अल्लाहचे आणि पीराचे नाव पोचवले. म्हणजे गाणे हे आपल्या आजीच्या आजीसाठी चैनीची वस्तू नव्हती, शिकण्याची जागा होती.

ढोलकीच्या गीतांची रीत ज्यांनी पाहिली नाही त्या लहान मुलींसाठी सांगते. सतरंजीवर बायका गोल बसतात. एक जण ढोलक मांडीखाली धरते, दुसरी समोर बसून ढोलकीच्या लाकडावर चमच्याने ठेका धरते. जिला सगळी गाणी पाठ आहेत ती ओळ उचलते, बाकीच्या टाळ्या वाजवत परत म्हणतात. मांज्याची गाणी वेगळी, मेहंदीची वेगळी. बिदाईची तर म्हणणारीलाच रडवतात. आणि सगळ्यांत रंगतात ती समधनची: मुलाकडच्या बायका मुलीच्या आईला टोमणे मारतात, मुलीकडच्या सव्याज परत करतात. गाण्यात रिकामी जागा ठेवलेली असते, तिथे त्या घरातल्या माणसांची नावे बसतात. नवऱ्याच्या भाभीचे नाव आले की भाभी पदरात तोंड लपवते. जे समोरासमोर बोलले असते तर दोन घरांत भांडण झाले असते, ते ढोलकीवर म्हटले की हसण्यावारी जाते. नवी सून त्या एका रात्रीत सासरच्या वीस बायकांची नावे आणि स्वभाव शिकून घेते. डीजेने हे काम केलेले मी अजून कुठे ऐकले नाही.

कोकणातही हळदीच्या रात्री आपल्या भगिनी त्यांच्या बोलीतली लग्नगीते म्हणतात. तिथली चाल वेगळी, खोड्या त्याच. फरक एवढाच, की ही गाणी ज्यांना येतात त्या बायका आता साठी-सत्तरीच्या आहेत. झरीत अशा दोन-तीन जणी तरी निघतील. त्यांना लग्नाच्या आधी आठ दिवस घरी बोलवा, चहा करा, आणि मोहल्ल्यातल्या मुलींना वही घेऊन बसवा. मोबाइलवर आवाज भरून घेतला तरी चालेल, पण म्हणणारीला विचारून; काही जणींना ते आवडत नाही.

थोरल्या मुलाचा याला विरोध असेल का? असेल तर त्याला विचारा, की घरातल्या बायकांनी बायकांमध्ये बसून, माइक न लावता, स्वच्छ शब्दांची गाणी म्हणण्यात त्याला नेमके काय खटकते. ढोलकसुद्धा नको, फक्त डफ चालेल, असे तो म्हणाला तर डफ घ्या. ठेका डफावरही धरता येतो. इथे त्याचे ऐकल्याने काही बिघडत नाही.

पुरुषांच्या बाजूसाठी मला सुचते ते मर्फा. निजामाच्या फौजेत हद्रमौतहून, म्हणजे आजच्या येमेनमधून, आलेल्या अरबांचे वंशज मराठवाड्यात चाऊस म्हणून ओळखले जातात. परभणी, नांदेड, बीडला त्यांची घरे आहेत. त्यांच्या लग्नांतून मर्फा सगळ्या दख्खनमध्ये पसरला. डफ, ढोल आणि काठ्यांचा ठेका, वीज लागत नाही, शब्द जवळजवळ नसतातच. दहा मिनिटांत तरुण पोरांचे पाय थिरकायला लागतात. धाकट्या मुलाला आणि त्याच्या मित्रांना जो जोश हवा आहे तो इथे आहे. जिंतूरला मुलीच्या दारात बारात पोचली की दहा मिनिटे मर्फा वाजवा आणि थांबा. झरी ते जिंतूर रस्ता वाहता आहे, त्यावर नाचत जायचे नाही. ट्रकवर स्पीकर आणि ट्रकमागे पोरे, हा प्रकार तर मुळीच नको.

मर्फा मिळाला नाही तर साधा बँड. क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट फुंकणारी ही माणसे बहुतेक वेळा आपल्याच किंवा शेजारच्या गल्लीतली असतात. लग्नसराई संपली की मजुरीला जातात. पैसे खर्चच करायचे तर ते पेट्यांच्या भाड्यापेक्षा माणसांच्या श्वासाला द्यावेत, असे मला वाटते. फक्त गाण्यांची यादी आधी ठरवा आणि नोटा ओवाळायची सवय बंद ठेवा.

नणंदेचा ऑर्केस्ट्रा सोडून द्या. जेवणाऱ्या पाहुण्यांसमोर फर्माइशी घेत फिल्मी गाणी म्हणणे झरीच्या मंडपात शोभणार नाही आणि खिशालाही परवडणार नाही. कव्वालीचे मात्र थोडे जास्त बोलायला हवे, कारण ती सुचवणाऱ्याच्या मनात अदब असते. परभणीला हजरत सय्यद शाह तुराबुल हक यांच्या उर्सात दर फेब्रुवारीत कव्वाली ऐकलेली माणसे तुमच्या वलीम्याला येणारच. पण उर्सात लोक कव्वाली ऐकायला बसलेले असतात. वलीम्यात एकीकडे हम्द चालू आहे आणि दुसरीकडे "दालचा इकडे, दालचा इकडे" असा पुकारा, हे मी पाहिले आहे. त्यात कव्वालाचाही अपमान आणि कलामाचाही. शिवाय मुकाबल्याच्या कव्वालीत शेरोशायरी कुठे घसरेल याचा नेम नसतो. कव्वाली हवीच असेल तर जेवणाच्या वेळी नको. पाहुणे पांगल्यावर, घरच्या चाळीस-पन्नास माणसांत, अस्रनंतर तासभर, मगरीबच्या अजानआधी संपवून. हार्मोनियम, ढोलक आणि टाळीला चार माणसे, पुरे. यावरही थोरला नको म्हणाला तर कव्वाली सोडा, ढोलकीची रात्र सोडू नका.

हल्ली नात शरीफलासुद्धा डीजेचा ठेका लावून वाजवतात. "नातच तर आहे" असे म्हणून मग आवाज वाढवला जातो. डीजेची हौस भागवायला प्रेषितांचे नाव वापरणे मला तरी साध्या फिल्मी गाण्यापेक्षा जास्त बेअदबीचे वाटते. मदरशातल्या दोन मुलांनी वलीम्याच्या सुरुवातीला तिलावत आणि एक नात साध्या आवाजात म्हणावी, आणि त्यांना जेवायला सगळ्यांबरोबर बसवावे.

आता पैशांचे. मित्रांच्या वर्गणीचा डीजे फुकट नसतो. आज पाच मित्रांनी तुमच्या मुलासाठी पैसे घातले, की उद्या पाच लग्नांत तुमच्या मुलाने घालायचे, आणि प्रत्येक वेळी मागच्यापेक्षा दोन पेट्या जास्त. तो अजून कमावता होतो आहे. शिवाय जनरेटर, डिझेल, डीजेवाल्याच्या माणसांचे जेवण हे वर्गणीत धरलेले नसते, ते यजमानाच्या अंगावर पडते. एक कागद घ्या. त्यावर डीजेची बोललेली रक्कम लिहा, आणि शेजारी मेहरची रक्कम लिहा. पुष्कळ घरांत मला असे दिसते, की डीजेवाल्याला इसार रोख आणि बायकोचा मेहर उधार. तुमच्या घरी तसे असेल तर मित्रांना सांगा, वर्गणी द्यायचीच असेल तर ती नवऱ्याच्या हातात द्या; निकाहच्या बैठकीत मेहर रोख मोजला गेला तर त्या मित्रांचे नाव जिंतूरमध्ये डीजेपेक्षा जास्त दिवस निघेल.

यावर थोरल्या मुलालाही एक विचारायचे आहे. दस्तरखानावर बसणार नाही, हे त्याने डीजेसाठी सांगितले. जिथे उघड गैर गोष्ट चालू आहे अशा दावतीत न बसण्याला उलेमांचा आधार आहे, हे मान्य. पण मोटारसायकलबद्दल तो काय म्हणाला? तुमच्या पत्रात त्याचा एक शब्दही नाही. ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने 2021 च्या मार्चमध्ये आसान आणि मसनून निकाहची जी मोहीम चालवली, तिच्या इकरारनाम्यात नाचगाणे, फटाके टाळण्याबरोबरच जहेज टाळण्याचाही इकरार होता. गाण्यावर कडक आणि जोड्याच्या रकमेवर नरम, असा दीन आपल्या भागात फार वाढला आहे. मुलीच्या अब्बांनी "हौसेने" दिलेली गाडी कोणाकडून कर्ज काढून आली आहे, हे विचारण्याची हिंमत थोरल्या भावाने दाखवली तर धाकटा त्याचे डीजेबद्दलचेही ऐकून घेईल. आज तो ऐकत नाही, कारण त्याला वाटते आपलीच हौस तेवढी हराम ठरते आहे.

वलीम्याची वेळ जोहरनंतर ठेवा. रात्रीची रोषणाई वाचते, दहाच्या नियमाचा प्रश्नच येत नाही, आणि बाहेरगावचे पाहुणे उजेडात घरी पोचतात. हजरत सफिय्या (र.) यांच्या वलीम्यात खजूर, तूप आणि सुकवलेले दही एवढेच होते, आपण बिर्याणी करतो, ठीक आहे, पण त्या दिवशी गावातली गरीब घरे आधी मोजा. ज्या वलीम्याला श्रीमंतांना बोलावतात आणि गरिबांना विसरतात त्याचे जेवण हदीसमध्ये सगळ्यांत वाईट म्हटले आहे. गावातल्या हिंदू शेजाऱ्यांसाठी वेगळी चूल आणि शाकाहारी पंगत तुम्ही करणारच आहात; ती पंगत स्पीकरपासून लांब आणि सावलीत असू द्या. नेहमी उलटे होते.

स्पीकर लागेल तो बोलण्यापुरता: तिलावत, नात, दुआ, आणि "अमुक गाडी रस्त्यात उभी आहे, काढा" असे सांगायला. दोन लहान स्पीकर पुरतात. ते उंच टांगू नका; माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, तोंड मंडपाच्या आत, पाठ त्या आजीच्या भिंतीकडे. जनरेटरही त्या बाजूला नको. माइक घरातल्या एकाच जबाबदार माणसाकडे द्यावा, आणि अजान सुरू झाली की तो बंद. हे काम धाकट्याच्या त्याच मित्रांना द्या. डीजे गेला म्हणून ती मुले रुसून बसतील तर नुकसान तुमचे. त्यांना मर्फ्याचे आणि साऊंडचे काम सोपवले तर ती दिवसभर राबतील.

कोणी सांगेल, की रेकॉर्डवरची गाणी लावायला कंपनीचे लायसन घ्यावे लागते, त्याचे पैसे द्या. घाबरू नका. कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 52(1)(झेडए) मध्ये धार्मिक समारंभाला सूट आहे आणि त्यात लग्नाची मिरवणूक व लग्नाशी जोडलेले इतर समारंभ धरले आहेत. केंद्र सरकारने 24 जुलै 2023 ला जाहीर सूचना काढून हे पुन्हा स्पष्ट केले.

डीजेवाल्याला कोणी सांगायचे, हा प्रश्न राहतो. तुम्ही नाही आणि थोरल्यानेही नाही. ते शौहरांचे काम आहे, आणि गप्प बसण्याची मुभा त्यांना या एका बाबतीत देऊ नका. त्यांनी धाकट्याला बरोबर घेऊन परभणीला जावे, तारीख लवकर मोकळी केली तर त्या माणसाला दुसरे काम मिळते. इसार दिला असेल आणि तो परत मिळत नसेल तर मित्रांची ती रक्कम घरातून भरून द्यावी, म्हणजे धाकट्याला त्यांच्यासमोर खाली पाहावे लागणार नाही. घरी येताना वाटेत दोघांनी मर्फावाल्यांकडे जावे आणि ठरवाठरवी धाकट्याने करावी.

शेजाऱ्यांकडे तुम्ही स्वतः जा, दावत द्यायच्या निमित्ताने. आजीची झोपेची वेळ विचारून घ्या. ढोलकीच्या रात्री तिची खाट दाराशी आणता आली तर तिलाही ऐकू द्या. तिच्या घरच्या बायकांना तर बोलवाच, जात्यावरच्या ओव्या त्यांनाही येत असतील.

आणि ढोलक आजच माळ्यावरून उतरवा. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या ढोलकीची दोरी सैल होते, एका बाजूचे कातडे उंदरांनी कुरतडलेले निघते. पुडी बदलून, दोरी ओढून घ्यायला आठवडा तरी जातो, आणि लग्नसराईत त्या कारागिराकडे रांग असते.